सहाव्या मजल्यावरचं कोमट पाणी

सन दोन हजार तेवीस, जानेवारी महिना, माझं वय अडुसष्ट. सकाळी साडेसहाला मी मुलुंडच्या एका सोसायटीत, सहाव्या मजल्यावर, सेक्रेटरी छेडाभाईंच्या संडासात हातात जेट धरून उभा होतो. छेडाभाई दारात. त्यांच्या मागे शाल पांघरून त्यांची आई. तिला सगळी बिल्डिंग बा म्हणते. आम्ही तिघंही जेटकडे बघत होतो.

जेट म्हणजे कमोडच्या बाजूला लटकतो तो धुवायचा फवारा. त्याला गरम पाण्याची लाइन नसते. कोणी देतच नाही. आणि त्यातून गरम पाणी येत होतं. गरम म्हणजे चहा टाकावा असं नाही, तान्ह्या मुलाला आंघोळ घालावी तसं.

"चार दिवस झाले," छेडाभाई म्हणाले. "पहिल्या दिवशी मी दचकून उठलोच."

बा मागून म्हणाली, "भाई, हे बंद नको करजे हां. थंडीमा लय सारू वाटते."

मी परब. भांडुपला राहतो. शिक्षण चौथी, तीही अर्धी. आमच्या गावच्या शाळेचे मास्तर गणपतीला घरी गेले ते परत आलेच नाहीत. वडील मिलमध्ये गेले, मी पाइपात गेलो. या सोसायटीत तेव्हा मला सत्तावीस वर्षं झाली होती. तळमजला अधिक सात मजले. कुठल्या भिंतीत कुठला पाइप आहे हे बिल्डरला आठवत नव्हतं, मला पाठ होतं. त्यामुळे मी जेट परत हुकाला अडकवला, हात पुसले आणि सांगून टाकलं, "ऊन."

"काय?"

"गच्चीवरची टाकी उन्हाने तापते. ते पाणी खाली येतं. काही काळजी नाही."

छेडाभाईंनी खिडकीकडे बघितलं. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. त्यांचं ते बघणं मला आवडलं नाही. मी म्हटलं, टाकी कालची तापलेली असते. मग मी गच्चीवर गेलो, टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि हात बाहेर काढून बराच वेळ शर्टाने चोळत बसलो. पाणी बर्फासारखं होतं. खाली येऊन मी सांगितलं की ऊन नाही. ते पहिल्यांदा मीच शोधून काढलं, असा माझा चेहरा होता.

दुसरा संशय मिक्सरवर. मिक्सर म्हणजे गरम आणि गार असे दोन कान आणि मध्ये एक तोंड असलेला नळ. काही लोक काय करतात, दोन्ही कान उघडे ठेवतात आणि पाणी हातातल्या शॉवरच्या बटणावर बंद करतात. मग आतल्या आत गरम आणि गार एकमेकांत मिसळतं आणि गरम पाणी गार पाइपात शिरतं. मी छेडाभाईंचे मिक्सर तपासले. दोन्ही बंद. मग पाचव्या मजल्यावर गेलो, चौथ्यावर गेलो. सकाळच्या वेळेला लोकांच्या बाथरूममध्ये जायचं म्हणजे बेल वाजवून बाहेर तिष्ठत बसायचं. सगळ्यांचे मिक्सर बंद होते. पण एक गोष्ट कळली. पाचव्याच्या जेटमधूनसुद्धा कोमट पाणी येत होतं, चौथ्याच्यातून त्याहून थोडं कमी. आणि त्यातल्या एकानेही तक्रार केली नव्हती. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ तर मला दारातच अडवून म्हणाले, सोसायटीने नवीन सोय केली असेल तर राहू द्या की.

मी परत सहाव्यावर आलो. छेडाभाई लिफ्टजवळ उभे होते. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "परबभाऊ, वर गोखले बाईंकडे तुम्ही कसला तरी पंप लावलाय ना?"

इथे माझा पारा चढला.

गोखले बाईंचं सांगतो. सातव्या मजल्यावर राहतात, म्हणजे सगळ्यात वर. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. एकट्या असतात, मुलगी परदेशात. त्यांचा गीझर स्वयंपाकघराच्या माळ्यावर आणि बाथरूम घराच्या दुसऱ्या टोकाला. मधला पाइप लांब. सकाळी गरम नळ उघडला की पाइपातलं रात्रीचं गार पाणी आधी येणार, दीड बादली. मग गरम. बाई ती दीड बादली फुकट जाऊ देणाऱ्यातल्या नाहीत. त्या ते पाणी झाडांना घालायच्या. वर्षभरात बाल्कनीतली सगळी झाडं पाणी पिऊन पिऊन मेली. तेव्हा मुलीने तिकडून एक छोटा पंप पाठवला. हा पंप गरम लाइनीतलं गार झालेलं पाणी फिरवून परत गीझरकडे नेतो, म्हणजे नळ उघडला की लगेच गरम. परत न्यायला वेगळा पाइप नको. बेसिनखाली एक छोटा वॉल्व्ह बसवायचा, तो गरम लाइन गार लाइनीला जोडतो, आणि गार लाइनीतूनच पाणी मागे जातं. त्यासाठी मी बाथरूमची गार लाइन आणि स्वयंपाकघराची गार लाइन फॉल्स सीलिंगच्या वरून एका पाइपाने जोडली. सोबत इंग्रजीतलं पुस्तक होतं. ते मी बाईंना परत दिलं. पाइप मला काय ते सांगतो.

तर माझ्या कामावर बोट आलं. मी छेडाभाईंना सांगितलं, तो पंप लावून पंधरा दिवस झाले. तुमच्याकडे गरम पाणी येतंय चार दिवस. मग आधीचे अकरा दिवस माझा पंप काय सुट्टीवर होता? हा हिशेब मला स्वतःला इतका आवडला की मी आवाज चढवला. पाचव्याची माणसं जिन्यात आली. वॉचमन वर आला.

"माझ्या कामात चूक निघाली," मी म्हटलं, "तर या सोसायटीत मी पुन्हा पाना उचलणार नाही. सत्तावीस वर्षांचा शब्द आहे."

छेडाभाई सेक्रेटरी आहेत. त्यांना सगळं लिहून ठेवायची सवय. त्यांनी तिथेच उभं राहून ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी वॉचमनने मला दाखवलं, त्याखाली सतरा जणांनी अंगठे दिले होते. अंगठा कशाला, मी शब्द दिला त्याला की मी जाणार त्याला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

हे मी हसत सांगतोय, पण त्या वेळेला हसण्यासारखं नव्हतं. माझी बाकीची कामं सुटत चालली होती. गुडघे शिडीला नाही म्हणतात. ही एक सोसायटी होती जिथे गेटवर मला कोणी रजिस्टरमध्ये सही करायला लावत नव्हतं. ती गेली तर मी भांडुपच्या खोलीत बसून बायकोला भाजी कशी चिरायची ते शिकवणार. तिने आधीच सांगून ठेवलंय की तसं केलंत तर गावाला निघून जाईन.

दोन दिवसांनी छेडाभाईंनी बाहेरून इंजिनिअर बोलावली. कांबळे मॅडम. विक्रोळीची मुलगी, तिशीच्या आत, इमारतींच्या पाण्याचंच काम करते. मी मनात म्हटलं, आता ही मला पाइप दाखवणार. ती आली, चप्पल दाराबाहेर काढली आणि थर्मामीटर काढला. बारीक तारेचा, आकडे दाखवणारा.

मी म्हटलं, "आम्ही हातानेच बघतो."

"बघा ना काका. किती असेल?"

मी जेटखाली हात धरला. "छत्तीस."

तिने तार धरली. छत्तीस पॉइंट चार. तिने माझ्याकडे बघितलं. "वरचं चार कुठे गेलं?" असं विचारून हसली. मुलगी वाईट नव्हती.

मग तिने वहीत आकडे लिहिले, सहावा, पाचवा, चौथा, खाली कमी कमी होत जाणारे. तिने बाला विचारलं की आंघोळ कशी करता. बा खूश झाली. तिने प्लॅस्टिकचा स्टूल दाखवला, हातशॉवर दाखवला. म्हणाली, हल्ली गीझर लावतच नाही, गार नळच गरम येतो, अर्धा तास बसते, वरून पाणी घेते.

मॅडमचं हसू गेलं. तिने छेडाभाईंना बाजूला घेतलं, आणि मी आपोआप तिथे गेलोच.

"बांना सांगा, दोन-चार दिवस हा शॉवर बंद. गीझरचं पाणी बादलीत काढून तांब्याने आंघोळ करा," ती म्हणाली. "पाणी गार असलं तरी चालतं. चांगलं कडक गरम असलं तरी चालतं. हे मधलं, कोमट, पाइपात पडून राहिलेलं, हे वाईट. यात जंतू वाढतात."

"आम्ही पाणी उकळूनच पितो," छेडाभाई म्हणाले.

"पिण्याचा प्रश्न नाही. शॉवरचे बारीक तुषार उडतात ना, ते श्वासाबरोबर छातीत जातात. न्यूमोनिया होऊ शकतो. तरुण माणसाला कदाचित काही होणार नाही. म्हाताऱ्यांना होतो."

"म्हाताऱ्यांना म्हणजे किती म्हाताऱ्यांना?" मी विचारलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बांच्या वयाच्या," ती म्हणाली. समजूतदार मुलगी.

मग आम्ही वर गोखले बाईंकडे गेलो. इथे दोन गोष्टी समजून घ्यायला लागतील. गच्चीवरच्या टाकीतून पाणी उभ्या पाइपाने खाली येतं, त्याला डाउनटेक म्हणतात. एकाखाली एक जितकी बाथरूमं, त्या सगळ्यांना एक डाउनटेक. स्वयंपाकघरांना दुसरा. म्हणजे प्रत्येक घराला पाणी आत यायला दोन दरवाजे. पंप लावलेल्या घरात या दोन्ही दरवाजांवर एनआरव्ही लावावा लागतो. तो एक पितळी तुकडा असतो, आत स्प्रिंग आणि एक झडप. पाणी आत येऊ देतो, उलट बाहेर जाऊ देत नाही. तो नसला तर घरात फिरणारं कोमट पाणी एका दरवाजाने बाहेर पडून डाउनटेकमध्ये जाणार आणि खालच्यांनी नळ उघडला की त्यांच्याकडे.

मॅडमने हे सगळं गोखले बाईंना सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग मॅडम स्टुलावर चढली, बाथरूमच्या सीलिंगची फळी सरकवली, टॉर्च मारला. बाथरूमच्या दरवाजावर एनआरव्ही होता. पितळी, चकचकीत. वरचा बाणसुद्धा बरोबर, आतल्या दिशेला.

"लावलाय," ती म्हणाली. तिला जरा आश्चर्य वाटलं. "दिशाही बरोबर आहे. मला वाटलं होतं इथेच असेल गडबड." थोडा वेळ ती बघत राहिली. "खोलून बघू या का काका?"

आणि मी म्हणालो, "मॅडम, तीस वर्षांत माझा एनआरव्ही कोणी खोललेला नाही."

तोंड आधी बोललं. डोकं मागून आलं.

काय होतं, सगळ्यात वरच्या मजल्यावर पाण्याला जोर कमी. टाकी डोक्यावरच, मग जोर येणार कुठून? खालच्यांना सहा मजल्यांचा जोर मिळतो, वरच्याला एका शिडीचा. त्यात एनआरव्हीची स्प्रिंग ढकलायची म्हटली की शॉवरची धार करंगळीएवढी होते. मग गिऱ्हाईक ओरडतं. तेव्हा आम्ही काय करतो, म्हणजे आमच्या हाताखालून गेलेले सगळेच करतात, एनआरव्ही खोलतो, आतली स्प्रिंग आणि झडप काढतो आणि रिकामा डबा परत बसवतो. याला आम्ही जीभ काढणं म्हणतो. बाहेरून दिसतो एनआरव्ही. धार झकास. गिऱ्हाईक खूश. साध्या गीझरच्या लाइनीवरही एनआरव्ही असतो, त्यांच्या तीस वर्षं मी जिभा काढल्या आणि एकदाही काही झालं नाही. होणार कसं? तेव्हा कोणाच्या घरात पाणी फिरवणारा पंपच नव्हता.

गोखले बाईंचा फोन मला पंप लावल्यानंतर अकराव्या दिवशी आला होता. "परब, पंप छान आहे, पण शॉवरला धार नाही." मी गेलो होतो, दहा मिनिटांत जीभ काढली होती आणि चहा पिऊन निघालो होतो. बारावा दिवस म्हणजे छेडाभाई दचकून उठले तो.

माझा पंप सुट्टीवर नव्हता, दरवाजा बंद होता. मीच उघडून आलो होतो.

हे सगळं माझ्या डोक्यात फिरेपर्यंत मॅडमने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून फळी परत लावली. वहीत एनआरव्हीपुढे टिक केली. म्हणाली, मग उरतो छेडाभाईंचाच गीझर. तो समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या प्लंबरने बसवलाय, त्याचंच पाणी मागे जात असेल. "मला पूर्ण पटत नाहीये," ती म्हणाली, "पण दुसरी वाट दिसत नाही."

छेडाभाईंनी तिथूनच त्या दुसऱ्या प्लंबरला फोन लावला आणि त्याला जे काय बोलले ते गोखले बाईंच्या घरात बोलण्यासारखं नव्हतं. उद्या येऊन गीझर उतरव, टाइल्स फुटल्या तरी चालतील, असं ठरलं. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "सॉरी परबभाऊ. ग्रुपवर टाकतो, तुमचं काम ओके."

आता मला सांगा, यात मी काही खोटं बोललो होतो का? मला कोणी जीभ आहे का असं विचारलं नव्हतं. खोलू का विचारलं, मी खोलू नका म्हटलं नाही. असं मी स्वतःला लिफ्टमध्ये सांगत होतो. आणि तो दुसरा प्लंबर तर माझा कोणी नव्हता. त्याचे आटे मी बघितलेत, त्याला शिव्या पडल्या तर कुठल्या तरी जुन्या कामाच्या समजाव्यात. माझा बेतही ठरला. आठ दिवस जाऊ द्यायचे, मग धार बघायला आलो म्हणून गोखले बाईंकडे जायचं, गुपचूप जीभ परत घालायची. कोणाला कळलं नसतं.

लिफ्ट सहाव्यावर थांबली. बाने मला बघितलं आणि आत बोलावलं. चहा दिला, सोबत खाकरा. सारखी सांगत होती, त्या मुलीचं काही ऐकू नका, मी शॉवर घेणार. सत्तर वर्षं बादलीने आंघोळ केली, आता देवाने नळातच गरम पाणी दिलं तर ती मला पुन्हा बादली देते. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ती गेली का? मग आता बसते हां मी, पाणी छान चालू आहे." टॉवेल तिच्या खांद्यावर तयार होता.

मी कप खाली ठेवला. "बा, बसू नका."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"तू कोण सांगणार?"

याचं उत्तर मला वर जाऊन द्यायला लागणार होतं. मी बेसिनखालचा, जेटचा, शॉवरचा, बाथरूमचे सगळे कॉक बंद केले आणि मुख्य कॉकचा दांडा काढून खिशात घातला. बा मला गुजरातीत काहीतरी म्हणाली. लिफ्ट खाली गेली होती म्हणून जिन्याने वर चढलो. गुडघ्यांनी काय म्हटलं ते लिहीत नाही.

वर तिघंही अजून दारातच बोलत होती.

"मॅडम," मी म्हटलं, "ती टिक खोडा."

"कुठली?"

"एनआरव्हीची. आत जीभ नाही."

तिला कळलं नाही. मी वॉचमनला फोन करून गच्चीवरचा डाउनटेकचा कॉक बंद करवला, स्टुलावर चढलो, पाना लावला, दोन्ही बाजूचे युनियनचे जोड सोडवले आणि तुकडा काढून खाली दिला. तिने तो डोळ्याला लावला. दुसऱ्या बाजूने मी बघितलं. एनआरव्हीमधून मला कांबळे मॅडमचा डोळा दिसला, पूर्ण, पापणीसकट. तिला माझा दिसला असणार. असं व्हायला नको असतं. त्यातून एका बाजूने दिसायला नको, दुसऱ्या बाजूने तर नाहीच.

मी सांगितलं कधी काढली, का काढली. मॅडमने विचारलं की या बिल्डिंगमध्ये अजून किती. मी म्हटलं, सातव्या मजल्याचे चारही. आणि बाहेर? मी म्हटलं, मॅडम, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जिथे सगळ्यात वरच्या मजल्यावर शॉवरला धार चांगली येते, तिथे मी येऊन गेलोय असं समजा.

छेडाभाईंना सगळं जुळवायला जरा वेळ लागला. "म्हणजे चार दिवस, दोन दिवस, सहा दिवस मी रोज सकाळी गोखले बाईंच्या गीझरच्या पाण्याने..."

"छेडा, वाक्य पूर्ण करू नका," गोखले बाई म्हणाल्या.

मी पाना पिशवीत टाकला आणि पिशवी बंद केली. म्हटलं, शब्द दिला होता, ग्रुपवर आहे. नवीन एनआरव्ही आणून दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या. छेडाभाई म्हणाले, अरे परबभाऊ, रागात माणूस बोलतो, सोडा ना. मी म्हटलं, सतरा अंगठे आहेत. ते म्हणाले, मी डिलीट करतो. मी म्हटलं, मी तोंडाने बोललोय, ते कसं डिलीट करणार?

यावर बराच वेळ गेला. दुसऱ्या प्लंबरला फोन केला तर त्याने उचलला नाही. मघाच्या शिव्यांनंतर मीही उचलला नसता. आणि पाणी तर बंद होतं, एनआरव्ही काढलेल्या जागी पाइप उघडा, सातव्या मजल्यापासून खाली सगळ्यांची बाथरूमं कोरडी. ग्रुपवर आता अंगठे येत नव्हते, दुसरं काहीतरी येत होतं.

शेवटी कांबळे मॅडमने तोडगा काढला. "काका, तुम्ही पाना उचलणार नाही म्हणालात. तोंड उघडणार नाही असं म्हणाला नव्हतात ना?"

नव्हतो.

एनआरव्ही तिने सांगितल्याप्रमाणे आणला. एक साइज मोठा, स्प्रिंग नसलेला, आत नुसती हलकी झुलणारी पट्टी. कमी जोरातही उघडतो, उलट पाणी आलं की बंद होतो. असा मिळतो, तीस वर्षांपासून मिळतो. मी बघितला होता, पण मला जीभ काढायची सवय होती, म्हणून कधी मागितला नाही.

मग सोसायटीचे सेक्रेटरी छेडाभाई शर्ट काढून, बनियनवर, स्टुलावर उभे राहिले. मॅडमने टॉर्च धरला. मी खाली, दोन्ही हात पाठीमागे. गोखले बाई खुर्ची घेऊन दारात बसल्या आणि मी परत दिलेलं ते इंग्रजी पुस्तक मराठीत मोठ्याने वाचायला लागल्या, वर्गात वाचावं तसं. पान चारवर स्वच्छ लिहिलेलं होतं की वॉल्व्हचे आतले भाग काढू नयेत. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"टेप उलटी गुंडाळताय," मी छेडाभाईंना म्हटलं. "आट्याच्या दिशेने. नाही. दुसऱ्या दिशेने. छेडाभाई, घड्याळ बघितलंय का कधी?"

"तुम्ही करा ना मग."

"मी पाना उचलत नाही."

पहिल्यांदा लावला तो गळला. दुसऱ्यांदा बाण उलटा लागला. बाईंनीच ओळखला. तिसऱ्यांदा बसला. छेडाभाई खाली उतरले तेव्हा त्यांच्या बनियनवरून पाणी टपकत होतं आणि तोंडावर तसाच आनंद होता, जसा मी पहिला नळ बसवला तेव्हा माझ्या तोंडावर असेल.

पुढचं कामसुद्धा मॅडमनेच सांगितलं. बाईंनी गीझर पंचेचाळीसवर ठेवला होता, जास्त गरम कशाला, मग गार मिसळावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. तो साठवर न्यायला लावला आणि प्रत्येक गरम नळ तेवढा कडक होऊन वाहू दिला. टाकीत क्लोरीन टाकून खालपर्यंतचा डाउनटेक धुतला. बाईंना सांगितलं की महिनाभरात परतीचा पाइप वेगळा टाकून घ्या. तोवर बेसिनच्या गार नळाचं पहिलं पाणी सोडून द्या आणि बादलीत भरलंत तरी झाडांना घालू नका. वरचे बाकीचे तीन एनआरव्ही त्या आठवड्यात छेडाभाईंनी स्वतःच बदलले, माझे हात पाठीमागे. हल्ली ते पाहुण्यांना बोलावून दाखवतात. बाचा जेट गार झाला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. चहा मात्र देते.

मी त्या सोसायटीत आजही जातो. पाना उचलत नाही. कोणाचं काही बिघडलं की जातो, उभा राहतो, सांगतो. माझ्यासमोर त्या दुसऱ्या प्लंबरने दोनदा आटे नीट केले. रजिस्टरमध्ये सही मात्र आता करावी लागते, कारण वॉचमनच्या मते मी कामगार राहिलो नाही, व्हिजिटर झालो.

शिकलो काय, तर एवढंच. जी वस्तू लावल्याने गिऱ्हाईक ओरडतं, ती वस्तू कशासाठी आहे हे आधी विचारावं, मग ती काढावी. आणि धार चांगली आली म्हणजे काम चांगलं झालं असं नाही. हे मला तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

छेडाभाई स्टुलावर चढले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी सहाला उठलो. बायकोने विचारलं, "आज खंय?" मी म्हटलं, घाटकोपर. पिशवीत सहा एनआरव्ही भरले, मोठ्या साइजचे, आतल्या पट्ट्या एक एक करून बोटाने हलवून बघितल्या. साडेसातला घाटकोपरला एका जुन्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडलेल्या गृहस्थांनी मला ओळखलं. म्हणाले, परब, आम्ही तर बोलावलं नाही.

"माहीत आहे," मी म्हटलं. "शॉवरला धार कशी आहे?"

"एकदम फर्स्ट क्लास. काहीच तक्रार नाही."

"त्यासाठीच आलोय," मी म्हटलं आणि चप्पल काढली.